परसांतील भाजीमळा आणि पलीकडील प्रेअरी

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागीं जो विस्तीर्ण गवताळ प्रदेश आहे त्यास प्रेअरी म्हणतात, व तेथें गहूं आणि मका विपुल पिकतो, हें आमचे विद्यार्थी भूगोलाच्या तासास शिकतातच. परंतु गहूं व मका आल्यावर मूळचें गवत कोठें गेलें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. तो विचारण्यासारखा आहे.

गवत नांगराखालीं गेलें. प्रेअरीची माती काळी व चिकट. जुन्या नांगरास ती बिलगून बसे. इलिनॉय संस्थानांतील जॉन डिअर नांवाच्या लोहारानें १८३७ सालीं गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर घडविला, आणि माती आपोआप घसरून पडूं लागली. एकट्या इलिनॉयांत २ कोटि एकरांहून अधिक प्रेअरी होती. तींतील मूळ स्वरूपांत टिकलेली चांगली जमीन आज सुमारें २,५०० एकर उरली आहे. ती बरीचशी आगगाडीच्या रुळांच्या कडेस आणि जुन्या दफनभूमींत सांपडते. थडग्यांच्या मधून कोणीं नांगर घातला नाहीं, म्हणून गवत तेवढें वांचलें.

आतां त्या भागांतील कित्येक गृहस्थ आपल्या खेड्यांतील घराजवळ दोन कामें शेजारीं शेजारीं करतात. स्वयंपाकघरालगत भाजीमळा, आणि त्यापलीकडे जुन्या शेताच्या एक-दोन एकरांत पुन्हा लावलेली प्रेअरी. या दोहोंच्या रीती अगदीं एकमेकींच्या उलट आहेत, आणि म्हणूनच त्यांचा एकत्र अभ्यास करावा असें आम्हांस वाटतें.

भाजीमळ्यास घाई फार. दक्षिण विस्कॉन्सिनांत मे महिन्याच्या मध्यापर्यंत हिंव पडण्याची भीति असते. वाटाणा, पालक व बटाटे एप्रिलांत लावतात. टोमॅटो व मिरची यांचीं रोपें घरांत खिडकीशीं वाढवून मे अखेर बाहेर आणतात. सप्टेंबर सरतां सरतां पुन्हा हिंव येतें. या चार-साडेचार महिन्यांत माती उकरणें, कुजलेलें खत घालणें, तण उपटणें, ससे व हरणें यांस अडविण्यासाठीं कुंपण राखणें, असा खटाटोप चालतो. मग बटाटे, गाजरें, कोबी तळघरांत जातात व बाहेर बर्फ पडतो. जातां जातां सांगावेंसें वाटतें, कीं बटाटा, टोमॅटो, मिरची, मका, घेवडा व तांबडा भोपळा हीं सारीं मूळचीं अमेरिकाखंडांतील. मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यांत लावण्याची रीत तेथील मूळच्या रहिवाशांची आहे.

ही भाजी ज्या काळ्या मातींत पोसते ती माती कोणी केली? गवतानें केली. नेब्रास्का विद्यापीठांतील जॉन वीव्हर यांनीं जमिनींत खोल चर खणून प्रेअरीच्या वनस्पतींचीं मुळें मोजलीं, तेव्हां कित्येकांचीं मुळें सहा-सात फुटांखालीं गेलेलीं आढळलीं. कांहींचीं त्याहून पुष्कळ खोल. बिग ब्लूस्टेम हें तेथील मुख्य गवत पुरुषाहून उंच वाढतें. दरवर्षीं मुळांचा कांहीं भाग मरतो, तेथेंच कुजतो, आणि हजारों वर्षांत माती काळी होते. हें गवत आमच्या जोंधळ्याच्या व माळावरील कुसळीच्या गोतांतील आहे. फार काय, त्यास काढून लावलेला मकाही त्याच गोतांतला! आमचे माळ पडीक म्हणून आम्ही त्यांस नांवें ठेवतों. सोलापुराजवळ नान्नज येथें माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें, तरी तो पक्षी आतां महाराष्ट्रांत क्वचितच दृष्टीस पडतो.

प्रेअरी पेरण्यास उतावळेपणा उपयोगी नाहीं. शरदांत आसपासच्या जुन्या गवतांतून थोडें थोडें बीं, मालकाची परवानगी घेऊन, गोळा करतात. पुष्कळ बियांस थंडी व ओल लागल्यावांचून मोड येत नाहीं; म्हणून हिंवाळ्याच्या तोंडीं पेरून बाकीचें काम बर्फावर सोंपवितात. खत मुळींच घालीत नाहींत, कारण त्यानें तणच माजतें. पहिल्या वर्षीं वर पाहावें तों कांहींच दिसत नाहीं. रोपें आपलें सारें बळ मुळांत घालीत असतात. तण उंच होऊं लागलें कीं तें वीतभर राखून कापावें लागतें. फुलें बहुधा तिसऱ्या वर्षापासून दिसूं लागतात.

यापुढचें काम म्हणजे अग्नि. या गवताचे कोंब जमिनीच्या आंत सुरक्षित असतात. परदेशी गवतें मात्र वसंताच्या आरंभींच वर आलेलीं असतात, तीं व झुडपांचीं रोपें होरपळतात. राखेनें काळी झालेली भूमि लवकर तापते व मूळचें गवत जोमानें फुटतें. मॅडिसन येथें विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या उद्यानांत १९३५ च्या सुमारास जुन्या शेतावर प्रेअरी लावण्याचें काम सुरू झालें, आणि पुढील दशकांत जॉन कर्टिस यांनीं तेथें अग्नीचे प्रयोग केले. परंतु हा अग्नि परवानगी काढून, वाऱ्याची दिशा पाहून, भोंवतीं गवत कापलेला पट्टा ठेवून, पाणी व माणसें सज्ज ठेवून लावावयाचा असतो. आमच्याकडे चैत्र-वैशाखांत डोंगरास लागणारा वणवा आणि हा अग्नि एक नव्हे. मुलांनीं याचें अनुकरण करूं नये. याच विद्यापीठांतील प्रोफेसर आल्डो लिओपोल्ड यांनीं १९३५ सालीं नदीकांठचें एक निकस शेत घेऊन पत्नी व पांच मुलांसह तेथें झाडें व प्रेअरी लावली होती. शेजाऱ्याच्या शेतांतून पसरलेली आग विझवीत असतां २१ एप्रिल १९४८ रोजीं हृदय बंद पडून त्यांचा अंत झाला. त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९४९ त, त्यांच्यामागें निघाला.

शहाणा गृहस्थ सारी प्रेअरी एकाच वर्षीं जाळीत नाहीं. तिसरा हिस्सा जाळून बाकी ठेवतो. याचें कारण भाजीमळ्यांत सांपडतें. टोमॅटोच्या फुलांतील पराग बंद नळींत असतो. तो सुटण्यास फूल जोरानें थरथरावें लागतें. युरोपांतून आणलेल्या मधमाशीस तें साधत नाहीं. तेथील बंबलबी ही जाड, केसाळ माशी फुलास लोंबकळून पंखांच्या स्नायूंनीं गुणगुणते व पराग झाडते. तिचें घर बहुधा प्रेअरींतील जुन्या गवताखालीं, उंदरानें सोडलेल्या बिळांत असतें. आणि अनेक लहान कीटक वाळल्या देंठांत हिंवाळा काढतात. म्हणून टोमॅटोच्या वाफ्याजवळचा एक पट्टा दरवर्षीं न जाळतां व न कापतां तसाच राखतात.