मशीन नको, ऑपरेशन चालेल का?

प्रश्न : यजमान मच्छीमार, वय ४६. झोपेच्या तपासणीत श्वास तासाला ३४ वेळा अडखळतो असं निघालं. झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या सीपॅप मशीनचा मास्क त्यांनी दोन रात्रींत काढून ठेवला. पावसाळ्यात वीजही जाते. ऑपरेशनने सुटका होईल का?
– एक वाचक, पूर्णगड

उत्तर : ताई, तासाला ३० च्या वर म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार तीव्र. रात्रीची झोप मोडल्याने होडीवर डुलकी लागणं जिवावर बेतू शकतं, म्हणून थांबू नका.

ऑपरेशनं आहेत, पण श्वास नेमका कुठे अडतो ते आधी कळायला हवं. त्यासाठी औषधाने झोपवून दुर्बिणीने घसा पाहतात. टॉन्सिल मोठे असतील तर ते काढून टाळूची दुरुस्ती केल्यास बऱ्यापैकी गुण येतो. जिभेचं मूळ मागे पडत असेल तर तेवढ्याने भागत नाही. नाकाचं वाकडं हाड सरळ केल्याने आजार सहसा जात नाही, मास्क मात्र सुसह्य होतो. दोन्ही जबडे सुमारे १० मिलिमीटर पुढे आणणारी शस्त्रक्रिया सर्वांत परिणामकारक, पण मोठी. ओठ-हनुवटी बधिर राहू शकते. जिभेच्या नसेला चेतना देणाऱ्या यंत्राला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. ते फार महाग आहे. कुठल्याही ऑपरेशननंतर झोपेची तपासणी पुन्हा करावीच लागते.

माझं मत विचाराल तर आधी मास्क बदलून पाहा. फक्त नाकपुड्यांना लागणारा छोटा मास्क अनेकांना सोसतो. सीपॅप बॅटरीवरही चालतं. मशीनमधला हवा ओलसर करणारा पाण्याचा हीटर बंद ठेवला की बॅटरी जास्त टिकते. रात्रीची दारू असेल तर ती आजच बंद. तरीही जमलं नाही, तर रिपोर्ट घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.