मूल होत नाही, तेव्हा दोघांनी काय करावं

लग्नानंतर बरीच वर्षं आम्ही दोघांनी मुलासाठी उपचार घेतले. मूल झालं नाही. त्या वर्षांत औषधांइतकीच गरज होती ती नीट माहिती देणाऱ्या आणि जवळ बसणाऱ्या माणसांची. आम्ही मिरजेत राहतो. हे दवाखान्यांचं गाव. जत, कवठे महांकाळ, अथणी, चिकोडीकडची जोडपी इथे उपचारांना येतात. आमचे उपचार थांबल्यावर त्यांच्यासाठी आम्ही घरातली एक खोली मोकळी केली. आमच्या आणि त्यांच्या अनुभवातून जे उमगलं ते इथे मांडते आहे. मूल होणं कुणाच्या हातात नसतं, पण त्या काळात बाईला एकटं पाडायचं की नाही हे पूर्णपणे आपल्या हातात असतं.

१. पहिली तपासणी नवऱ्याची

आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांची फाइल जाडजूड असते. रक्ततपासण्या, सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे, कधी दुर्बिणीतून केलेली तपासणीसुद्धा. नवऱ्याचा मात्र त्यात एकही कागद नसतो. खरं तर जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा बायकोकडच्या कारणासोबत, सापडतं. वीर्यतपासणी स्वस्त आहे, तिला सुईसुद्धा टोचावी लागत नाही. त्याआधी २ ते ७ दिवस संबंध टाळायचे, एवढंच पथ्य.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे तंबाखू-दारू सोडल्याचा फरक रिपोर्टात दिसायला तीनेक महिने धीर धरावा लागतो. द्राक्षबागेत औषध फवारणाऱ्यांनी आणि भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना ते आपणहून सांगावं. शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल तर तेही लपवू नका. त्यांनी शुक्राणू बनणंच थांबू शकतं.

२. वाट बघण्यालाही मर्यादा असते

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर दोघांनी डॉक्टरांकडे जावं. बायकोचं वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावं. पाळी अनियमित असेल, पाळीत असह्य दुखत असेल, तर तेवढंही थांबू नये. बाईच्या शरीरातली स्त्रीबीजं जन्माआधीच तयार झालेली असतात आणि वयानुसार कमीच होत जातात. नवस, उपास, देवदर्शन यांनी मनाला आधार मिळत असेल तर जरूर करा, पण तपासणी त्यासाठी पुढे ढकलू नका.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे गर्भाशयाचा आणि नलिकांचा क्षयरोग हे मूल न होण्याचं एक महत्त्वाचं कारण आहे. खोकला नाही, ताप नाही, पाळीही वेळेवर, तरीही आत नलिका बंद झालेल्या असू शकतात. घरात कुणाला क्षय झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

३. प्रश्न विचारण्याचा संकोच नको

टेस्ट ट्यूब बेबी आता नवलाईची राहिलेली नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून अशा उपचाराने ६ ऑगस्ट १९८६ रोजी एक मुलगी जन्मली, त्याला चार दशकं होत आली. तरी दवाखान्यात शिरल्यावर आपली वाचा बसते. म्हणून आम्ही प्रत्येक जोडप्याला प्रश्न कागदावर लिहून न्यायला सांगतो. अशा उपचारांसाठीच्या २०२१च्या कायद्याप्रमाणे या केंद्राची नोंदणी झाली आहे का? औषधं, इंजेक्शनं, गर्भ गोठवून ठेवणं हे सगळं धरून खर्च किती? मध्येच उपचार थांबवावे लागले तर किती पैसे भरायचे? यशाचं प्रमाण सांगता ते नुसता गर्भ राहण्याचं, की बाळ घरी नेण्याचं? माझ्या बायकोच्या वयाच्या बायकांत ते किती? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

४. सासूशी तिच्या मुलानेच बोलावं

"काही विशेष?" हा प्रश्न बाईला हळदीकुंकवात, लग्नात, बाजारात, कुठेही गाठतो. माझ्या नवऱ्याने दोघांचे रिपोर्ट घेऊन आईला समोर बसवलं आणि सांगितलं, "आई, उपचार दोघांचे चालू आहेत. कुणामुळे, हे हिला विचारू नकोस. जे विचारायचं ते मला विचार." त्या दिवसापासून नातेवाइकांना उत्तरं माझ्या सासूबाईच देऊ लागल्या. घरातला बोलणारा पुरुष गप्प बसला की सगळा दोष आपोआप सुनेच्या पदरात पडतो.

५. ओटी सगळ्यांची भरावी

मूल नसलेल्या बाईला डोहाळजेवणाला बोलवायचं नाही, बारशाला बाळ तिच्या हातात द्यायचं नाही, हे अजून घडतं आणि ते क्रूर आहे. तिला आमंत्रण द्या. यायचं की नाही ते तिला ठरवू द्या. आली नाही तर मनात धरू नका. त्या दिवशी दुसऱ्याचं बाळ बघणं तिला जमत नसेल. आमच्या घरातून जाणाऱ्या प्रत्येक बाईची मी ओटी भरते, मग तिला मूल होवो न होवो, नवरा असो वा नसो.

६. कुठे थांबायचं ते आधी ठरवावं

टेस्ट ट्यूब बेबीच्या, म्हणजे आयव्हीएफच्या, एका प्रयत्नाला दीड-दोन लाख सहज लागतात आणि एकदा केलं की झालं, असं नसतं. रिपोर्ट नकारात्मक आल्यावर, रडून डोळे सुजलेले असताना, पुढचा निर्णय घेता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच दोघांनी बसून ठरवावं: किती पैसा, किती वर्षं, आणि बायकोच्या शरीराला किती त्रास. जमीन विकायची नाही हे आमचं पहिल्यापासून ठरलं होतं. थांबलो तेव्हा दुःख झालं, आजही होतं. कर्ज मात्र डोक्यावर नव्हतं आणि एकमेकांवर राग नव्हता.

७. दत्तक कायद्यानेच घ्यावं

दत्तक घेणं हे मोठ्या मनाचं काम आहे, पण फसलेल्या उपचारांवरची भरपाई म्हणून ते करू नये. बाळ मनापासून हवं असलेल्या घरातच ते गेलं पाहिजे. नोंदणी 'कारा' या सरकारी दत्तक यंत्रणेच्या पोर्टलवर होते आणि वाट बरीच बघावी लागते. कुणी परस्पर "बाळ मिळवून देतो" म्हणालं तर त्याच्या वाटेला जाऊ नका, तो गुन्हा आहे.

८. सल्ल्याआधी सोबत द्यावी

आमच्याकडे येणाऱ्यांना सगळ्यात जास्त उपयोग होतो तो फ्रीजचा. उपचारातली बरीचशी इंजेक्शनं २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात आणि ठरल्या वेळी घ्यावी लागतात. ज्यांच्या गावात तासन्‌तास वीज नसते त्यांनी ती कुठे ठेवायची? मग ती आमच्याकडे राहतात, डब्यावर नाव लिहून. सकाळच्या सोनोग्राफीआधी कुणाला पोहे लागतात, कुणाला आंघोळीला गरम पाणी. रिपोर्टाच्या दिवशी माझे पती नवऱ्याजवळ बसतात, कारण त्यानेही रडायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना मूल नव्हतं. जोतीरावांनी दुसरं लग्न केलं नाही. दोघांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणं केली आणि त्यांतल्याच एका आईच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेऊन डॉक्टर केलं. त्यांची थोरवी आमच्यात नाही, पण मूल नसलेलं घर किती जणांच्या कामी येऊ शकतं हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

तुमच्या ओळखीत असं जोडपं असेल तर त्यांना नवा डॉक्टर, नवा देव, नवा काढा सुचवू नका. "दवाखान्यात सोबत येऊ का?" एवढंच विचारा. नको म्हणाले तर काही दिवसांनी पुन्हा विचारा.