घरातील वीज, मोटारीची बॅटरी आणि मल्टिमीटरची निवड

विजेवर चालणारी साधने आणि दारात उभी असलेली मोटारगाडी ही आता केवळ शहरी कुटुंबांची मिरासदारी राहिलेली नाही. यांपैकी एखादे साधन बंद पडले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो वीज तेथपर्यंत पोहोचते आहे काय आणि पोहोचत असल्यास किती, हा. त्याचे उत्तर मल्टिमीटर देतो. विद्युतदाब, विद्युतधारा आणि रोध या तिन्ही राशी एकाच यंत्राने मोजण्याची सोय ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांच्या प्रयत्नाने १९२३ साली प्रत्यक्षात आली. ते यंत्र काट्याचे, वजनदार आणि महाग होते. आज अंक दाखविणारा मीटर दोन-तीनशे रुपयांतही मिळतो. तो घराघरांत, शाळांत व ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांत पोहोचावा हे इष्टच आहे. मात्र एकाच मीटरने घर आणि गाडी ही दोन्ही कामे करावयाची असल्यास निवड थोडी विचारपूर्वक करणे आवश्यक ठरते.

स्वस्त मीटर मोजमापात फारसा कमी पडत नाही, हे अनेकांना आश्चर्याचे वाटेल. त्याच्या पडद्यावर १९९९ पर्यंतचा आकडा उमटतो. दिष्ट दाबाच्या मापनातील चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याचे माहितीपत्रकात दिलेले असते. १२.६ व्होल्टच्या बॅटरीच्या बाबतीत ही चूक एक दशांश व्होल्टच्याही आत राहते, आणि तेवढी अचूकता गाडीच्या कामाला पुरेशी आहे. उत्पादकाची काटकसर दडलेली असते ती फ्यूजमध्ये, आतील जोडण्यांमधील अंतरात आणि लीडवरील वेष्टनात. म्हणजे ज्या भागांची गरज हातून चूक घडल्यावरच लागते, नेमक्या त्याच भागांत.

ही चूक कशी घडते, ते समजून घेणे अगत्याचे आहे. दाब मोजताना मीटर समांतर जोडावयाचा आणि धारा मोजताना एकसर, हा नियम शालेय विज्ञानात शिकविला जातो. धारा मोजणाऱ्या मार्गाचा रोध जवळजवळ शून्य ठेवलेला असतो, तसा तो नसेल तर मोजण्याची धाराच बदलून जाईल. आता गाडीतील धारा मोजण्यासाठी लाल लीड ‘१० अँपिअर’ असे लिहिलेल्या सॉकेटमध्ये घातली आणि ती तेथेच विसरली गेली, असे समजा. दुसऱ्या दिवशी तोच मीटर भिंतीवरील प्लगला लावला, तर फेज आणि न्यूट्रल यांची गाठ मीटरच्या पोटातच पडते. नॉब व्होल्टवर फिरविलेला असला तरी त्याने बचाव होत नाही. कारण बहुतेक स्वस्त मीटरांत या सॉकेटचा मार्ग नॉबमधून जातच नाही. अशा अनेक मीटरांवर या सॉकेटजवळ तेथे फ्यूज नसल्याची सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते. परिणामी लीड वितळते, ठिणग्यांचा भडका उडतो आणि मीटर हातातच फुटू शकतो. ज्या घरात हा मीटर केवळ गाडीसाठी आहे तेथे हा धोका नाही. घर आणि गाडी यांना सामाईक असलेल्या मीटरलाच तो अधिक आहे. म्हणून दहा अँपिअरच्या मार्गावर फ्यूज असणे, आणि तो वाळू भरलेला चिनी मातीचा असणे, ही खरेदीची पहिली अट मानावी. काचेच्या नळीतील साधा फ्यूज वितळल्यावरही मोठी धारा ठिणगीच्या रूपाने त्यातून पुढे वाहत राहण्याचा संभव असतो.

दुसरी अट मीटरवर छापलेल्या ‘कॅट’ या श्रेणीची. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६१०१० क्रमांकाच्या मानकात ती ठरविलेली आहे. प्लगवर चालणाऱ्या उपकरणांसाठी कॅट दोन, इमारतीतील कायम वायरिंग व वितरण पेटीसाठी कॅट तीन, तर वीजमंडळाच्या खांबापासून घरातील वीजमीटरपर्यंतच्या वाहिनीसाठी कॅट चार. आकाशात वीज कडाडते किंवा जवळची मोठी मोटर बंद होते, तेव्हा तारांतून क्षणमात्र हजारो व्होल्टची लाट येऊन जाते. ३०० व्होल्ट, कॅट दोन या श्रेणीच्या मीटरने २,५०० व्होल्टची, तर ६०० व्होल्ट, कॅट तीन श्रेणीच्या मीटरने ६,००० व्होल्टची लाट सोसावी, अशी अपेक्षा असते. मीटरवर केवळ ‘१००० व्होल्ट’ असा मोठा आकडा पाहून भुलू नये; श्रेणी नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. घरातील मेन स्विचपर्यंत काम करावयाचे असल्यास ६०० व्होल्ट, कॅट तीन हा मीटर योग्य होय. तो हजार-दोन हजार रुपयांपासून पुढे मिळतो आणि हा जादा खर्च अनाठायी म्हणता येणार नाही.

घरगुती वापरात आकड्यांचा अर्थ लावतानाही सावधगिरी हवी. दाब कमी असल्याची तक्रार करण्यापूर्वी प्रत्यावर्ती दाबाच्या मापनातील चूक माहितीपत्रकात पाहावी. ती ‘१.२ टक्के अधिक १० अंक’ अशी असेल आणि त्या पट्ट्यात एक अंक एक व्होल्टचा असेल, तर २३० व्होल्टच्या मापनात सुमारे १३ व्होल्टचा फरक मीटरचाच असू शकतो. साध्या चौकोनी तरंगाच्या इन्व्हर्टरवर सरासरी मोजणारा मीटर खऱ्या मूल्यापेक्षा ११ टक्के अधिक, म्हणजे २३० ऐवजी २५५ व्होल्ट दाखवितो. ज्यांच्याकडे असा इन्व्हर्टर आहे त्यांनी ‘ट्रू आरएमएस’ मीटर घ्यावा. इतरांना त्याची निकड नाही. आणखी एक विचित्र अनुभव वायरमन मंडळींना परिचित आहे. तुटलेल्या तारेवरही मीटर चाळीस-पन्नास व्होल्ट दाखवितो. शेजारच्या चालू तारेतून आलेला हा नाममात्र दाब असून मीटरचा स्वतःचा रोध फार मोठा असल्याने तो दिसतो. जुन्या टेस्ट लॅम्पला अशी फसगत होत नसे. मात्र पुरवठा बंद आहे असे मानून तारेला हात लावण्यापूर्वी चालू असलेल्या प्लगवर मीटर तपासावा, मग ती तार, आणि पुन्हा तोच प्लग. अर्थिंग चांगले आहे किंवा नाही, याचा निर्वाळा मल्टिमीटर देऊ शकत नाही. त्यासाठी अर्थ टेस्टर लागतो.

गाडीचे काम त्या मानाने सोपे. गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट मिळाले तर ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर आपले काम करीत आहे. रात्रीत बॅटरी उतरत असल्यास ऋण टोक सोडवून मीटर एकसर जोडावा आणि गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग शांत होण्यास अर्धा तास द्यावा. ५० मिलिअँपिअरपर्यंतची धारा क्षम्य आहे. अर्धा अँपिअर वाहत असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास खर्ची पडतात, आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत निम्म्याखाली येते. या जोडणीत असताना किल्ली फिरवू नये. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी वेष्टनाच्या तारांना मीटर लावणे हे घरगुती काम नव्हे.

दुकानात मीटर घेताना मागील झाकण उघडून फ्यूज दाखविण्यास सांगावे, आणि त्याच जातीचा फ्यूज तालुक्याच्या ठिकाणी मिळतो की नाही हेही विचारून घ्यावे. तो मिळत नाही म्हणून त्या जागी तांब्याची तार गुंडाळली, की दोन हजारांचा मीटरही दोनशेच्या मीटरइतकाच धोकादायक होतो.