पाण्याची पाळी आणि कडू दुधी

ऐन उन्हाळ्यातील गोष्ट. साठीच्या घरातले एक गृहस्थ सकाळी दहाच्या सुमारास दवाखान्यात आले. पोटात मुरडा, एकसारख्या उलट्या, शेवटच्या उलटीत रक्त, आणि रक्तदाब बराच उतरलेला. चौकशी करता कळले की ते रोज अनशापोटी दुधी भोपळ्याचा पेलाभर रस घेत असत. त्या दिवशीचा रस कडू होता. "कडू ते गुणकारी, म्हणून डोळे मिटून घेतला, डॉक्टर," असे ते म्हणाले. सलाईन लावून त्यांना तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. चार दिवसांनी ते सुखरूप घरी आले.

घरच्यांना नवल याचे वाटले, की दुधी बाजारचा नव्हता. परसातल्या वेलाचा, ना खत ना फवारणी. मी वेलाच्या पाण्याविषयी विचारले. चैत्रात विहीर आटली होती. नळाला पाणी येईल त्या दिवशी वेलाला भरपूर आणि मग चार-पाच दिवस थेंबही नाही, असा क्रम चालला होता. मला वाटते, दुखण्याचे मूळ तिथेच असावे.

दुधी, काकडी, दोडका, भोपळा ह्या एकाच कुळातील वेली. किडीपासून व जनावरांपासून बचाव करण्यासाठी त्या कुकुरबिटासिन नावाची अतिशय कडू द्रव्ये तयार करतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचेच बी राखले, म्हणून लागवडीच्या वाणांत फळात ती नाममात्र उरली आहेत. परंतु कडक ऊन, पाण्याची ओढ, अनियमित पाळी, निकस जमीन असा ताण पडला की फळातील कडू द्रव्य वाढू शकते. कडू वाणाशी संकर झालेल्या बियाण्यामुळेही असे होते. काकडीचे देठाकडचे टोक कडू लागते ते ह्याच द्रव्यामुळे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा कडू दुध्याच्या रसावरील अहवाल 2012 साली प्रसिद्ध झाला. ह्या रसाने मृत्यू ओढवल्याचीही नोंद आहे. समितीचा सल्ला सोपा आहे. रस काढण्यापूर्वी दुध्याची लहानशी फोड चाखावी. कडू लागली तर थुंकून टाकावी आणि सबंध दुधी फेकून द्यावा. दुध्याच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नये (मिसळला की कडवटपणा झाकला जातो, हे माझे म्हणणे). रस घेतल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा नुसती अस्वस्थता वाटली तरी थेट रुग्णालय गाठावे. ह्या विषावर खास उतारा नाही, लक्षणांनुसारच उपचार करावे लागतात. भाजी शिजवली किंवा गूळ घातला म्हणून विष जात नाही, हे गृहिणींनी ध्यानात ठेवावे.

मग पाण्याचा ताण नेहमी वाईटच का? तसेही नाही. टोमॅटो पिकत आला असता पाणी थोडे कमी केले तर फळ लहान राहते, वजन घटते, पण गोडी वाढते. भरपूर पाण्यावरचा टोमॅटो तराजूत भरतो आणि चवीला पाणचट लागतो. वजनावर विकणाऱ्या शेतकऱ्याला त्यासाठी दोष तरी कसा द्यावा? मात्र कोरड्यानंतर एकदम पाणी दिले की फळे तडकतात, आणि पाळी सतत चुकत गेली तर फळाला चुना, म्हणजे कॅल्शियम, पोचत नाही व त्याचे बूड काळे पडते.

पालेभाज्यांचे गणित निराळे. पालक, मेथी यांना ओल सतत हवी. ती तुटली आणि ऊन वाढले की पाला राठ होतो, तुरे लवकर येतात. थंडीत स्वच्छ उन्हात वाढलेल्या पालकात साखर व क जीवनसत्त्व अधिक असते. पावसाळी ढगाळ हवेत क जीवनसत्त्व कमी भरते आणि पानात नायट्रेट साठते. नत्राचे खत जास्त पडले असेल तर ते आणखी वाढते. म्हणून मेथी-पालक मार्गशीर्ष-पौषात पोटभर खावा, आणि उन्हाळ्यात वेलभाज्यांकडे वळावे, चाखून.

परसात वेल असेल तर आठवड्याचे पाणी एकदम ओतण्यापेक्षा सकाळी किंवा संध्याकाळी थोडे थोडे, ठरल्या वेळी द्यावे. बुडाशी पालापाचोळा किंवा उसाचे पाचट पसरावे, म्हणजे ओल टिकते. भांडी विसळलेले बिनसाबणाचे पाणीही चालते.

त्या गृहस्थांनी वेल उपटून टाकू का, असे विचारले होते. मी म्हटले, बी कुठले आहे ते ठाऊक नसेल तर उपटाच. ठेवायचा असेल तर एक फळ गोड निघाले म्हणून दुसऱ्यावर विसंबू नका. आता त्यांच्या घरी किसणी हातात घेण्याआधी सूनबाई प्रत्येक दुध्याची चकती जिभेला लावून पाहतात. रस मात्र त्यांनी सोडला. दुध्याची भाजी खातात.