तवशाचं धोंडस

श्रावण-भाद्रपदात कोकणात मांडवावर तवशी लोंबतात. तवसं म्हणजे मोठी काकडी. ती जून होऊन पिवळी पडली की कोशिंबिरीला चांगली लागत नाही. पण टाकू नये. तिचंच धोंडस होतं. गोव्यात त्याला तवसळी म्हणतात.

गणपतीला आमचा नातू मुंबईहून येतो. त्याला मफिन आवडतात. मफिन म्हणजे वाटीएवढा लहान केक. त्यात मैदा, साखर, अंडं आणि कधी काजू-बेदाणे असतात. बेकिंग पावडरीने आत वायू तयार होतो नि केक फुगतो. नातवाने विचारलं, "आजोबा, तुमच्या गावात मफिन नाही?" आम्ही म्हटलं, "आहे. पण आमचा चुलीवर भाजतात, नि तो फुगत नाही."

बोलून बसलो खरे! धोंडस करायची ती त्याची आजी. ती ३ वर्षांपूर्वी गेली. तिला लिहिता येत नव्हतं. आम्ही जन्मभर गावच्या पोरांना लिहायला शिकवलं. पण तिच्याजवळ बसून हे माप कधी उतरून घेतलं नाही. पहिल्या खेपेला आमचं धोंडस खालून कोळसा आणि मधे कच्चं झालं. मग शेजारच्या वहिनींना विचारून वहीत लिहून घेतलं. तेच इथे देतो.

तवसं सोलावं, बिया काढाव्यात. आधी एक फोड चाखून पाहावी. कडू लागली तर अख्खं तवसं फेकून द्यावं. शिजवून कडूपणा जात नाही, आणि पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. इथे काटकसर नको.

कडू नसेल तर किसावं. सुटलेलं पाणी पिळून टाकू नये, त्यातच रवा शिजतो. पाण्यासकट कीस २ वाट्या असेल तर तांदळाचा जाडसर रवा १ वाटी घ्यावा. चिरलेला गूळ पाऊण वाटी, ओलं खोबरं अर्धी वाटी, काजूचे तुकडे मूठभर, मीठ चिमूटभर. वेलदोडा आवडीप्रमाणे.

रवा २ चमचे तुपावर खमंग भाजावा. कीस नि गूळ उकळावा, त्यात रवा सोडून ढवळावं. खोबरं, काजू, मीठ घालावं. शिऱ्यासारखं दाट झालं की तूप लावलेल्या जाड पातेल्यात थापावं. खाली केळीचं पान घातलं तर उत्तम.

आता खरी मेख. चुलीतली लाकडं ओढून घ्यावीत. खाली थोडेच निखारे ठेवावेत. पातेल्यावर सपाट झाकण ठेवून त्यावर जास्त निखारे पसरावेत. खालची आच थेट बुडाला लागते, म्हणून गूळ लवकर जळतो. वरची आच मधल्या हवेतून उतरते, ती मंद असते. आम्ही उलटं केलं होतं! पाऊस असला तरी दार-खिडकी उघडी ठेवावी. कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू साठतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माणूस मरतो.

पाऊण तासाने सुरी खुपसून पाहावी. कोरडी निघाली की झालं. पूर्ण निवल्यावरच वड्या पाडाव्यात. ओलं खोबरं असल्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावं.

यंदा नातवाने ४ वड्या खाल्ल्या. एक वहिनींकडे पाठवली. त्यांनी ती उलटी करून पाहिली नि म्हणाल्या, "भाऊजी, खाली अजून दोन निखारे जास्तच झाले."