फलकाबाहेरचा शिपाई

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी फलक बसविलेला आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती कामी आली, एवढेच त्यावर कोरले आहे. नावे नाहीत. माझे खापरपणजोबा पहिल्या आकड्यात आहेत, दुसऱ्यात नाहीत. कारण ते परत आले.

ते ११७ व्या मराठा पलटणीत होते. आमच्या घरात त्या साऱ्या मुलखाला ‘बसरा’च म्हणतात, पण ते अडकले तैग्रिसकाठच्या कुत-अल-अमारा येथे. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी तेथे वेढा घातला. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. शिधा तुटत गेला. घोडे मारून मांस वाटले जाऊ लागले; आपल्याकडील बहुतेकांनी ते बरेच दिवस नाकारले. ताजी भाजी नसल्याने हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजत, रक्त येई. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. कैद्यांना वाळवंटातून पायी नेले, पुष्कळांना बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. हजारो तिकडेच गेले.

खापरपणजोबा घरी आले तेव्हा त्यांच्या आईनेही त्यांना ओळखले नाही, असे आजी सांगते. तिला हे तिच्या आजेसासूने, म्हणजे त्यांच्या पत्नीनेच, सांगितलेले. आव आणि थंडीताप अंगात मुरलेला. औत धरले की धाप लागे. भाकरी पचेना, म्हणून ती माउली अखेरपर्यंत पेज करून घालीत होती. मृत्यूचा दाखला नाही. वारसनोंदीचा मोडीतला फेरफार मी एका जाणकाराकडून वाचून घेतला. साल १९२२.

हे साल महत्त्वाचे आहे. युद्धातील मृतांची स्मारके सांभाळणाऱ्या, १९१७ साली स्थापन झालेल्या आयोगाने पहिल्या महायुद्धासाठी ३१ ऑगस्ट १९२१ ही शेवटची तारीख धरली आहे. नोकरी सुटलेला माणूस त्या मुदतीत वारला, तरी आजार नोकरीमुळेच झाला हे दाखवावे लागते. आमच्या गावात डॉक्टरच नव्हता, कागद कोण देणार? अर्थात ते तिकडेच गेले असते तरी काय? १९२९ सालच्या बसरा स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत, साध्या शिपायांचे मात्र पलटणवार आकडे. या भेदभावाबद्दल आयोगाने २०२१ मध्ये माफी मागितली.

पदके दोन होती. चांदीचे एका दुष्काळात सोनाराकडे गेले. ब्राँझचे कोणी घेईना, म्हणून राहिले. त्यावरील पंखवाल्या बाईला देवी समजून आजी रोज कुंकू लावते. माझ्याआधी घरात कोणी चौथीपुढे गेले नव्हते. कॉलेजात आल्यावर एकदा मी ते पदक भिंग घेऊन कडेने फिरविले. कडेवर इंग्रजीत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली होती.

आजी आजेसासऱ्यांचे नाव घेत नाही. मीच ते मोठ्याने वाचले. तिने डोक्यावर पदर घेतला, आणि म्हणाली, “परत एकदा वाच.”