दुबळे हृदय आणि रुग्णालयातील गुंतागुंत

हृदयविकाराचा झटका म्हणजे काय, हे आता ग्रामीण भागातही बहुतेकांस ठाऊक आहे. ‘हृदय निकामी होणे’ या अवस्थेविषयी मात्र पुरेशी माहिती आढळत नाही. या अवस्थेत हृदय बंद पडत नाही. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती उणावते. परिणामी रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसांत व पायांत पाणी साठते. हा त्रास एकाएकी बळावला, की रुग्णास आडवे पडणेही अशक्य होते. अशा वेळी त्यास विनाविलंब रुग्णालयात हलविले पाहिजे. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते.

धोका लगेच टळत नाही

रुग्ण रुग्णालयात पोहोचला म्हणजे संकट संपले असे नव्हे. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली अशा १,२०५ रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्यात आली. त्यांपैकी शेकडा आठांहून अधिक रुग्ण रुग्णालयातच दगावले आणि पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला.

याचे कारण असे, की हृदय दुबळे झाले म्हणजे इतर अवयवांवरही ताण येतो. मूत्रपिंडांस पुरेसे रक्त मिळत नाही व त्यांचे कार्य मंदावते. साठलेले पाणी काढण्यासाठी लघवी वाढविणारी औषधे द्यावीच लागतात. परंतु त्यांमुळे रक्तातील सोडियम व पोटॅशियम घटू शकते. पोटॅशियम फार घटल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात. म्हणूनच डॉक्टर वारंवार रक्त तपासतात, लघवी मोजतात आणि रोज वजन घेतात. ही तपासणी अनावश्यक आहे, असा समज नातेवाइकांनी करून घेऊ नये.

अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याची भीती असते. न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. वृद्ध रुग्ण कधीकधी भ्रमिष्टासारखे बोलू लागतात. हा वेडाचा प्रकार नसून आजाराचाच परिणाम असतो. तो तत्काळ डॉक्टरांच्या निदर्शनास आणावा.

घरी परतल्यानंतर

घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष जोखमीचे असतात. बरे वाटू लागताच औषधे बंद करणे, लोणचे-पापड पुन्हा सुरू करणे आणि अंगदुखीसाठी स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेणे, या तीन चुकांमुळे अनेक रुग्णांस पुन्हा दाखल व्हावे लागते. रुग्णाने रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत ते दोन किलोहून अधिक वाढले, पायांवर सूज आली किंवा झोपताना जादा उशी लागू लागली, तर पाणी पुन्हा साठत आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे.

या कामी गावाचे साहाय्य मोलाचे ठरेल. घरोघरी वजनकाटा असतोच असे नाही. तो उपकेंद्रात किंवा शाळेत उपलब्ध करून देणे ग्रामपंचायतीस सहज शक्य आहे. शिक्षकांनी रुग्णाच्या घरी जाऊन औषधांची चिठ्ठी समजावून सांगितली, तरी पुष्कळ साधेल. रुग्णालयात वाचविलेला जीव गावात राखला गेला, तरच उपचार सफल झाले असे म्हणता येईल.